ऑपरेशन झालं, बाई बरी झाली का?

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्हा देशभरच्या बातम्यांत आला. ऊसतोडीला जाणाऱ्या तरुण बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात होत्या. त्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात आकडा दिला : २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली होती. चौकशीसाठी विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांकडून माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

१३,८६१ हा आकडा गाजला, आणि तो गाजायलाच हवा होता. त्याच पाहणीतल्या दुसऱ्या एका आकड्याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. या बायकांपैकी ६,३१४ जणींनी सांगितलं होतं, की ऑपरेशन झाल्यापासून शरीराचा किंवा मनाचा त्रास होतोय. झोप लागत नाही, मनात नको ते विचार येतात, सांधे आणि पाठ दुखते. शंभरातल्या पंचेचाळीस जणी.

दवाखान्याच्या कागदांत या गोष्टीला जागा नसते. तिथे ऑपरेशनची तारीख असते, भूल कोणती दिली, रक्त चढवलं का, टाके कधी काढले, घरी कधी सोडलं, हे असतं. त्या कागदापुरती बाई बरी होऊन घरी गेलेली असते. पुढे सहा महिन्यांनी ती उसाच्या फडात उभी राहू शकते का, हे विचारायला कुणी येत नाही. बीडमध्ये ते विचारलं गेलं तेही चौकशी लागली म्हणून, आणि हजारो ऑपरेशनं होऊन गेल्यावर.

उपचाराने आपल्यात काय फरक पडला हे रुग्णाने स्वतः सांगायचं, ठरलेल्या प्रश्नांच्या आधारे सांगायचं, आणि ते आकड्यात मांडून तपासता आलं पाहिजे, अशी एक पद्धत वैद्यकात गेली काही दशकं रुजते आहे. ती काय आहे, कुठे उपयोगी पडते आणि कुठे फसते, हे बीड जिल्ह्यातला धारूर तालुका डोळ्यांसमोर ठेवून पाहू.

धारूरचा कोयता

किल्ले धारूर बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. बाहेरच्या माणसाला हे गाव किल्ल्यामुळे आणि सीताफळांमुळे माहीत असतं. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली, की वाड्यावस्त्यांवरून आणि तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सातारा-सोलापूरकडे, कुणी कर्नाटकात. परत यायला पाडवा उजाडतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती घामाने फेडायची असते. एक दिवस फडावर गेलं नाही, की खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडतेच आणि वर दंडही लागतो. बाई पहाटे कोपीवर चूल पेटवते, फडात वाकून ऊस तोडते, साळते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पुरेसं पाणी नाही. पांढरं जाणं, अंगावरून जास्त जाणं, ओटीपोटात दुखणं, अंग बाहेर येणं हे सगळं याच जगण्यातून येतं आणि हंगामभर अंगावर काढलं जातं.

यातल्या बऱ्याच तक्रारींवर पिशवी न काढता उपचार होतात. जंतुसंसर्गाला औषधं आहेत, जास्त रक्तस्रावाला गोळ्या आहेत, अंग बाहेर येण्यावर व्यायाम आहेत आणि आधार देणारी कडी बसवता येते. पण हंगाम संपवून गावी आलेल्या बाईला अनेकदा ऐकायला मिळालं ते वेगळंच : पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, मुलं झालीच आहेत तर काढून टाका. ऑपरेशन झालेल्या अनेकींनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना हेच सांगितलं आहे. बाईचाही स्वतःचा हिशेब होता. पाळीची कटकट जाईल, दुखणं थांबेल, खाडे पडणार नाहीत.

हा हिशेब नीट लक्षात घ्यायला हवा. ऑपरेशनचा खर्च, बहुतेकदा पुढच्या उचलीतून, तिने केला तो काहीतरी मिळावं म्हणून. दुखणं कमी व्हावं, काम चालू राहावं, कॅन्सरची भीती जावी. तेव्हा हे ऑपरेशन यशस्वी झालं की नाही, हे ठरवताना पहिला प्रश्न हाच असला पाहिजे, की तिला जे हवं होतं ते मिळालं का. त्याचं उत्तर फक्त तिच्याकडे आहे. ते कुठल्याही सोनोग्राफीत दिसत नाही.

हे मोजमाप आलं कुठून

उपचारानंतर रुग्णाचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा करावा, हा आग्रह जुना आहे. अमेरिकेतल्या बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटलं, की प्रत्येक रुग्णाला किमान वर्षभराने पुन्हा पाहावं, ऑपरेशनने फायदा झाला का ते नोंदवावं, आणि झाला नसेल तर का नाही, तेही जाहीर करावं. त्यांनी १९११ मध्ये स्वतःचं छोटं रुग्णालय काढून पाच वर्षं तसं करून दाखवलं. ३३७ रुग्णांमागे आपल्या १२३ चुका त्यांनी छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांना ते मुळीच रुचलं नाही.

कॉडमन यांच्या पद्धतीत फायदा झाला की नाही हे ठरवणारा डॉक्टरच होता. रुग्णाचं स्वतःचं म्हणणं मोजण्याजोगं मानलं जायला १९७०-८० ची दशकं उजाडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य आणलं होतं, पण ते मोजायचं कसं हा प्रश्न तसाच होता. पुढे प्रश्नावल्या तयार होऊ लागल्या. अमेरिकेत ३६ प्रश्नांची एसएफ-३६ आली. युरोपातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये युरोकॉल हा गट स्थापून ईक्यू-५डी बनवली. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमानाची प्रश्नावली तयार करताना वेगवेगळ्या देशांतली केंद्रं एकाच वेळी कामाला लावली, त्यांत दिल्ली आणि चेन्नईही होती. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत.

सर्वांत मोठं पाऊल इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने टाकलं. एप्रिल २००९ पासून तिथे चार ऑपरेशनांसाठी ही विचारणा नेहमीच्या कामाचा भाग झाली : खुबा बदलणं, गुडघा बदलणं, हर्निया आणि पायांच्या फुगलेल्या शिरा. ऑपरेशनच्या आधी एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा, रुग्णाने त्याच प्रश्नांची उत्तरं द्यायची. रुग्णालयवार निकाल लोकांसाठी खुले ठेवले गेले. हर्निया आणि शिरांची विचारणा २०१७ मध्ये थांबली, खुबा-गुडघ्याची चालू राहिली.

पाच प्रश्न आणि एक पट्टी

ईक्यू-५डी ही यांतली सर्वांत सुटसुटीत, आणि ती मराठीतही उपलब्ध आहे. तिच्यात पाच गोष्टी विचारतात : चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा उदासी. नव्या आवृत्तीत प्रत्येकाला पाच पायऱ्या आहेत, काहीच त्रास नाही इथपासून अजिबात जमत नाही किंवा कमालीचा त्रास इथपर्यंत. पाच गोष्टी, पाच पायऱ्या, म्हणजे ३,१२५ वेगवेगळ्या अवस्था. शेवटी शून्य ते शंभरची उभी पट्टी असते. तुमच्या मते सगळ्यांत वाईट तब्येत म्हणजे शून्य, सगळ्यांत चांगली म्हणजे शंभर. आज आपण कुठे आहोत तिथे खूण करायची.

समजा, एका बाईची उत्तरं अशी आली : चालण्यात थोडी अडचण, अंघोळ-कपड्यांना काही नाही, कामात मध्यम अडचण, दुखणं बरंच, मनाला मध्यम त्रास. तिची अवस्था २१३४३ अशी लिहितात. आता या पाच अंकांचं मोल किती? ते डॉक्टर ठरवत नाहीत. सर्वसामान्य माणसांसमोर अशा अवस्था ठेवून त्यांना विचारतात, की अशा तब्येतीत दहा वर्षं जगण्यापेक्षा ठणठणीत राहून किती कमी वर्षं चालतील? त्या निवडींवरून प्रत्येक अवस्थेला भाव मिळतो. पूर्ण आरोग्याला एक, मृत्यूला शून्य, आणि मरणापेक्षाही वाईट वाटणाऱ्या अवस्थांना शून्याखाली.

पूर्वी भारतात दुसऱ्या देशांचे भाव वापरत. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी पाच राज्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांना विचारून भारताचे स्वतःचे भाव काढले आणि ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एखादा उपचार सरकारी योजनेत घ्यावा का, याचा हिशेब करताना आता ते वापरता येतात. म्हणजे वेदना आणि उदासी यांना सरकारी हिशेबात शिरायला वाट झाली आहे. मला ही बाब मोठी वाटते. जे आकड्यात येत नाही त्यासाठी अर्थसंकल्पात पैसा ठेवला जात नाही, हे आपण रोज पाहतो.

किती रक्तस्राव म्हणजे जास्त?

हा प्रश्न थेट धारूरच्या बायकांचा आहे. पाळीत अंगावरून जास्त जातं, ही पिशवी काढण्यामागे सांगितल्या जाणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक. जास्त म्हणजे किती? वैद्यकाच्या पुस्तकांत फार वर्षं उत्तर होतं : एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त. संशोधनात वापरलेली कापडं आणि पॅड गोळा करून रक्त मोजत असत. नेहमीच्या दवाखान्यात ते कुणी मोजत नाही आणि मोजूही शकत नाही.

इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत ही मिलिलिटरची अट बाजूला ठेवली. ज्या रक्तस्रावाने बाईच्या शारीरिक, भावनिक, सामाजिक आणि रोजच्या जगण्यात अडथळा येतो तो जास्त, अशी नवी व्याख्या केली. म्हणजे निदानच बाईच्या सांगण्यावर आलं.

मग औषधाचा गुण मोजायचाही तसाच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ५७१ बायका होत्या. काहींना नेहमीच्या गोळ्या दिल्या, काहींना गर्भाशयात बसवायचं हार्मोन सोडणारं साधन दिलं. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात मुख्य निकष ठेवला होता तो बायकांनी भरलेल्या सहा कलमी गुणपत्रकाचा. पाळीच्या दिवसांतल्या अडचणी, लोकांत मिसळणं, मन, शरीर, काम आणि घर. दोन्ही गटांना फायदा झाला, साधन बसवलेल्यांना अधिक झाला. पिशवी न काढताही बाईला बरं वाटू शकतं, हे बाईच्याच उत्तरांतून सिद्ध झालं. धारूरमधल्या बाईला ऑपरेशनची चिठ्ठी देण्याआधी हे पर्याय सांगितले जातात का, हा माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीचा प्रश्न आहे.

आधी विचारलं नसेल तर

आता बीडच्या ६,३१४ या आकड्याकडे परत येऊ. तो महत्त्वाचा आहे, पण एकटा अपुरा आहे. पाठ ऑपरेशनने दुखते की वर्षानुवर्षं मोळ्या वाहून? ऑपरेशनच्या आधी किती दुखत होती? पिशवी न काढलेल्या तिच्याच टोळीतल्या, तिच्याच वयाच्या बाईची किती दुखते? हे माहीत नसेल तर कुणीही उठून म्हणू शकतं, की त्रास कामाचा आहे, ऑपरेशनचा नाही. उरलेल्या पंचावन्न टक्क्यांना त्रास नाही म्हणजे गुण आलाच, असंही म्हणता येत नाही.

म्हणून या शास्त्राचा पहिला नियम आहे, आधी एकदा विचारायचं आणि तेच प्रश्न नंतर पुन्हा विचारायचे. फरक किती पडला तो खरा निकाल. तोही किमान किती असावा याचा अंदाज बांधलेला असतो. गुडघ्याच्या ऑक्सफर्ड गुणपत्रकात बारा प्रश्न आणि अठ्ठेचाळीस गुण असतात. दोन गटांची तुलना करताना पाचेक गुणांचा फरक असेल तर तो माणसाला जाणवण्याइतका मानतात. एखाद-दुसरा गुण इकडे-तिकडे झाला तर त्यावरून काही ठरवत नाहीत.

गर्भाशय काढण्यात तर आणखी एक गाठ आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर बाईची रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती काही वर्षं अलीकडे येण्याची शक्यता असते. तिशीतल्या बाईला हे झालं तर तिच्यापुढे कष्टाची वीस-तीस वर्षं पडलेली असतात. आपली अंडाशयं ठेवली की काढली, हे अनेक बायकांना सांगितलेलंच नसतं. झोप, सांधे, मन अशा तक्रारी समितीपुढे आल्या, त्या या चित्राशी जुळणाऱ्या आहेत. आधीचा आकडा हाताशी असता, तर हे जुळणं पुराव्याच्या पातळीवर गेलं असतं.

प्रश्न कुणाच्या जगण्यातले?

एसएफ-३६ मध्ये मध्यम कष्टाच्या कामांची उदाहरणं आहेत : टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर चालवणं, गोल्फ खेळणं. ऊसतोड बाईला हे विचारून काय कळणार? तिच्या जगण्यात कष्टाची पायरी वेगळी आहे. ती मोळी एकटीने डोक्यावर घेते की कुणाला उचलून द्यावी लागते? फळीवरून गाडीवर चढते का? दिवसभर वाकून राहता येतं का? हंडा आणते का? गुणपत्रक तिच्यासाठी असेल तर त्यात हे आलं पाहिजे.

म्हणून चांगली प्रश्नावली नुसती भाषांतर करून आणत नाहीत. दोघांकडून वेगवेगळी करून घेतात, जुळवतात, उलट भाषांतर करून पाहतात, आणि शेवटी त्याच भागातल्या काही रुग्णांसमोर बसून एकेक प्रश्न वाचून विचारतात, की तुम्हाला यातून काय समजलं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोकं-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपीय प्रश्नावल्या मराठी आणि हिंदीत तपासून घेतल्या गेल्या. २००५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. म्हणजे आपल्याकडे हे जमतं. फडातल्या बायकांपर्यंत ते नेणं राहिलं आहे.

न सांगितलेलं दुखणं

रुग्णाच्या सांगण्यावर सगळं सोडलं तर एक मोठा धोका असतो. १९४४ मध्ये, बंगालच्या दुष्काळानंतर, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये एक पाहणी झाली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली तब्येत खराब किंवा बेताची असल्याचं सांगितलं. विधवांमध्ये असं सांगणाऱ्या फक्त अडीच टक्के होत्या. त्या विधवा ठणठणीत होत्या असं कुणीही म्हणणार नाही. आपल्या तब्येतीविषयी तक्रार करायची असते, हेच त्यांच्या मनाला शिवत नव्हतं. अमर्त्य सेन यांनी हे उदाहरण पुन्हा पुन्हा मांडलं आहे. लोकांना आपलं आरोग्य कसं वाटतं यावर संपूर्ण विसंबू नका, हा त्यांचा इशारा.

महाराष्ट्रातही याचा पुरावा आहे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. तक्रार मात्र ५५ टक्क्यांनीच सांगितली. याआधी कधी आतून तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. दुखणं अंगवळणी पडलेलं असतं, सांगायची लाज असते, सांगून उपयोग नाही हा अनुभव असतो.

यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतील, की बाईला काय विचारायचं, तपासणीच पुरे. मला नेमकं उलट वाटतं. गडचिरोलीत विचारणं आणि तपासणं दोन्ही झालं म्हणून हा फरक दिसला. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही. आणि विचारण्याची रीत बदलली तर उत्तर बदलतं. ‘काही त्रास आहे का?’ म्हटलं तर ‘नाही’ येतं. ‘खोकताना किंवा मोळी उचलताना लघवी सुटते का? गेल्या महिन्यात किती रात्री नीट झोप झाली नाही?’ असं विचारलं, की बाई बोलू लागते.

समाधान आणि गुण

इथे एक घोटाळा टाळायला हवा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही सोय सुरू केली. रुग्णाला फोन किंवा संदेश येतो आणि सेवेबद्दल विचारलं जातं. रांग किती होती, स्वच्छता कशी, कर्मचारी कसे वागले. हे हवंच. पण तो रुग्णाचा अनुभव झाला. डॉक्टर गोड बोलले, खोली स्वच्छ होती आणि तरीही ऑपरेशनची गरजच नव्हती, असं होऊ शकतं. पिशवी काढलेली बाई घरी जाताना समाधानी असेल, कारण कॅन्सरची भीती गेली. वर्षभराने तिचं उत्तर काय असेल, तो वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारावा लागतो.

विचारल्याने काय होतं

विचारणं हा नुसता कागदी उद्योग आहे, अशी शंका अनेक डॉक्टरांना येते. आधीच नोंदींचं ओझं आहे, त्यात आणखी एक. ही तक्रार खरी आहे, आणि एका ग्रामीण रुग्णालयात बसून ओपीडी ओढणाऱ्या डॉक्टरला ती करण्याचा हक्क आहे. म्हणून न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयातली एक चाचणी सांगतो. शरीरात पसरलेल्या कर्करोगाचे ७६६ रुग्ण होते. अर्ध्याहून अधिक जणांना आपली बारा लक्षणं संगणकावर स्वतः नोंदवायला सांगितली. एखादं लक्षण बिघडलं की नर्सला सूचना जायची आणि ती फोन करायची. बाकीच्यांचे उपचार नेहमीसारखे. २०१७ मध्ये निकाल आला : नोंद करणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, इतरांचं २६. पाच महिन्यांचा फरक, आणि कुठलंही नवं औषध नाही. लक्षणं लवकर कळली आणि कुणीतरी त्यावर हालचाल केली, एवढंच. यातला दुसरा भाग विसरता येत नाही. उत्तर ऐकून काहीच करायचं नसेल तर बाईला प्रश्न विचारणं तिच्यावर अन्याय आहे.

धारूरमध्ये करायचं झालं तर

पहिली अडचण वेळेची. ऑपरेशन उन्हाळ्या-पावसाळ्यात होतं आणि सहा महिन्यांनी विचारायला जावं तर बाई फडावर असते. म्हणून विचारणेचं वेळापत्रक हंगामाला बांधावं लागेल. टोळ्या निघण्यापूर्वी एकदा, परत आल्यावर एकदा. मधल्या काळात फोनवर दोन-तीन प्रश्न. जिचं ऑपरेशन ठरलं असेल तिला आधी, दीड महिन्याने आणि वर्षाने.

विचारावं कुणी? ज्या दवाखान्याने ऑपरेशन केलं त्याने नक्कीच नाही. गावातली आशाताई हे करू शकते, कारण घरात तिचा वावर असतो. मात्र तिला या कामाचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत आणि बोलणं नवरा, सासू, मुकादम यांच्यासमोर होता कामा नये. वाचता न येणाऱ्या बाईसाठी चेहऱ्यांची चित्रं किंवा रंगीत पट्टी चालते. दहा-बारा प्रश्न पुरेत : ओटीपोटाचं आणि पाठीचं दुखणं, पांढरं जाणं, रक्तस्राव, लघवी, झोप, अंगातून वाफा, नवऱ्याजवळ जाताना होणारा त्रास, मन, मोळी उचलणं, आणि गेल्या हंगामात तब्येतीमुळे पडलेले खाडे. हा शेवटचा प्रश्न सोडून चालणार नाही, कारण बाईने ऑपरेशन केलं तेच मुळात त्यासाठी. खाडे कमी झाले का, हे तिच्याइतकं अचूक कुणीही सांगू शकणार नाही, कारण ते पैसे तिच्या उचलीतून कापले गेलेले असतात.

तक्रार निघाली तर तिला जागा असली पाहिजे. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते तर १९७० च्या दशकात ग्रामीण भागासाठी म्हणूनच सुरू झालं. ज्या बाईचे गुण घसरलेत तिची तिथे तपासणी, हार्मोन आणि हाडांचा सल्ला, मनासाठी समुपदेशन. आणि जाण्यायेण्याचं भाडं.

देखरेख कशावर ठेवायची

२०१९ नंतर काहीच झालं नाही असं नाही. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर देखरेख समित्या सुचवल्या. राजस्थानच्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं.

या सगळ्या व्यवस्थेचा भर आहे तो ऑपरेशनच्या आधीच्या कागदावर : वय किती, कारण काय, परवानगी कुणाची. चाळिशीच्या आतल्या बाईचं प्रकरण अधिक काळजीने पाहायचं, हेही त्यात आहे. अनावश्यक ऑपरेशनांचा आकडा खाली आणणं गरजेचंच आहे. पण परवानगी घेऊन झालेल्या ऑपरेशननंतरही बाईचं काय झालं, हा रकाना त्यात यायला हवा. जिल्हा समितीपुढे प्रत्येक रुग्णालयाची ऑपरेशनं येतात, तशी त्या बायकांची आधीची आणि वर्षानंतरची उत्तरं आली तर कुठल्या रुग्णालयातून गेलेल्या बायका पुढच्या हंगामात फडावर उभ्या राहू शकल्या नाहीत, हे समितीला दिसेल. कुठल्या डॉक्टरांनी पिशवी न काढता बरं केलं, हेही दिसेल.

ज्यांची ऑपरेशनं होऊन गेली आहेत त्यांच्यासाठी आधीचा आकडा आता मिळणार नाही. तरी पाहणीत १३,८६१ जणी नोंदवल्या गेल्या आहेत. त्या बायकांना आजच्या आज विचारता येतं आणि पुढे दर हंगामाला विचारता येतं. त्यांतल्या बऱ्याच जणी अजूनही दसऱ्यानंतर ट्रॅक्टरमध्ये बसतात. हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, झोपेसाठी आणि मनासाठी उपचार, यांतलं कोणाला काय हवं हे ठरवायला त्यांची उत्तरं लागतील.